हॉलंडांत फळलेली केळ

सत्यनारायणाच्या पूजेला चौरंगाच्या चार कोपऱ्यांस केळीचे खुंट बांधावयाचे, हा बीड जिल्ह्यांतील सिरसाळ्यापासून कोंकणापर्यंतचा सर्वसामान्य रिवाज आहे. आपल्या इतक्या परिचयाची ही केळ अठराव्या शतकांतील युरोपियनांस मात्र एक नवल वाटे. तेथील श्रीमंतांच्या उबदार काचघरांत ती वाढे, पानें पसरी. पण फुलण्याचें नांव घेत नसे.

१७३५ सालीं कार्ल लिनेयस हा अठ्ठावीस वर्षांचा स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ हॉलंडांतील हार्टेकांप येथें जॉर्ज क्लिफर्ड नांवाच्या धनाढ्य पेढीवाल्याच्या पदरीं राहिला. बागेंतील केळीस त्यानें कसदार माती दिली, कांहीं आठवडे तिचें पाणी तोडलें आणि मग एकदम भरपूर पाणी घातलें. उष्ण देशांतील झाडाला ऊब लागते हें सर्वांस ठाऊक होतें. त्याला उन्हाळ्यामागून येणारा पाऊसही लागतो, हें लिनेयसनें ओळखलें. १७३६ सालीं केळ फुलली आणि फळलीही.

परंतु केळीचें खोड एकदांच फळतें आणि मरतें. तिचें मांसल फूल कागदांत दाबून वाळवावें, तर त्याचें रूप राहत नाहीं. मग दूरच्या विद्वानांस हा प्रयोग दाखवावा कसा? येथें चित्रकारावांचून शास्त्रज्ञाची गति नव्हती. त्याच वर्षीं लिनेयसनें ‘मूसा क्लिफर्टियाना’ ही पुस्तिका सचित्र प्रसिद्ध केली. पुढें १७३८ च्या ‘हॉर्टस क्लिफर्टियानस’ ह्या ग्रंथासाठीं एका माळ्याचा मुलगा गेऑर्ग एऱ्हेट ह्यानें वनस्पतींचीं चित्रें काढलीं व यान वांडेलार ह्यानें तीं ताम्रपटांवर कोरलीं. वांडेलारच्या मुखचित्रांत भूमातेच्या मागें केळ उभी आहे आणि एका बालकाच्या हातीं तापमापक आहे. कला आणि शास्त्र ह्यांची जोडी ह्याहून नेटकी क्वचितच रेखाटली गेली असेल.

ह्या जोडीचा एक धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड ह्याच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ (१६७८–१६९३) ह्या बारा खंडांच्या सचित्र ग्रंथाचा लिनेयसनें वारंवार आधार घेतला. त्या ग्रंथासाठीं इट्टी अच्युतन् ह्या मलबारी वैद्यानें व रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट ह्या कोंकणी ब्राह्मण वैद्यांनीं माहिती पुरविली. त्या तिघांचें १६७५ चें साक्षपत्र पहिल्या खंडांत नागरी लिपींतच छापलेलें आहे.

१७५३ सालीं लिनेयसनें केळीस ‘मूसा पॅराडिसियाका’ म्हणजे स्वर्गोद्यानांतील केळ असें नांव दिलें. शास्त्राच्या इतिहासांत नांव देणारा लक्षांत राहतो. त्या नांवामागें माहिती सांगणारे वैद्य होते, चित्रकार होते आणि तांबें कोरणारे हातही होते. त्यांचें ऋण मानल्यावांचून तो इतिहास पुरा होत नाहीं.