रापणीचा वाटा

१९९७ साली आमचा सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पुरती सुरू झाली. त्याआधी तारकर्लीच्या वाळूत सुटीला येणार कोण? चाकरमानी, तेही गणपतीला नि मे महिन्यात. किनारा रापणीचा. होडीतून जाळं अर्धगोल टाकायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे. दोराला हात लावील त्याला वाटा. मी शेतकरी, गाबीत नव्हे, तरी बांगडे घेऊन घरी यायचो. तारली फार झाली तर माडांना खत. आता घराघरांत न्याहारी-निवास, पोरं पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायला नेतात. पैसा आला, वाईट कसं म्हणू? पण रापणीला हात पुरत नाहीत. परवा दोरावर निम्मे पाहुणेच होते. फोटो झाले, दोर सोडून गेले. म्हाताऱ्या तांडेलानं त्यांचाही वाटा काढून ठेवला. म्हणाला, "हात लावल्यानी मां? मगे वाटो ठेवकच व्हयो."