एकसरचे वीरगळ

एकसरला वीरगळ आहेत. हे गाव आता बोरिवली पश्चिमेच्या वस्तीत विरघळले आहे. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराची स्मृतिशिळा. कन्नडात ‘कल्लु’ म्हणजे दगड, त्यावरून ‘गळ’. ही शिळा खालून वर वाचायची: तळाला लढाई, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, माथ्याजवळ शिवलिंगाची पूजा, शेंड्यावर कलश.

एकसरच्या काही शिळांवर मात्र लढाई समुद्रातली आहे. जहाजांना वल्ह्यांच्या रांगा दिसतात.

उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यातील सुमारे १२६५च्या युद्धाशी अनेक अभ्यासक या शिळा जोडतात. सोमेश्वर समुद्रात बुडाला. महादेवाचा मंत्री हेमाद्री (हेमाडपंती देवळे ज्याच्या नावावर जमा आहेत, तोच) आपल्या प्रशस्तीत सुचवतो, की धन्याच्या प्रतापाच्या आगीपेक्षा सोमेश्वराला समुद्रातला वडवानल परवडला. दरबारी टोमणा वगळला, तरी बुडाल्याची बातमी त्यात उरतेच.