न्यूयॉर्कची झाडूसेना आणि बिल्ला लावलेली मुले

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागातून चालणाऱ्या माणसाला पायाखालची फरसबंदी क्वचितच दिसे. शहरात एक लाखाहून अधिक घोडे गाड्या ओढत होते. त्यांची लीद, घरोघरच्या शेगड्यांतील कोळशाची राख, सडकी भाजी, चिंध्या, तुटके सामान हे सारे रस्त्यावरच येऊन पडे. १८८० या एकाच वर्षात शहराला रस्त्यांवरून सुमारे १५ हजार मेलेले घोडे उचलावे लागले होते. रात्री घोडे सोडून गाड्या रस्त्यातच उभ्या करण्याची पद्धत होती आणि त्या गाड्यांच्या आडोशाला जे साचे, त्याचे वर्णन न केलेलेच बरे.

आणि याच रस्त्यांवर मुले खेळत. दुसरी जागाच नव्हती.

सफाई खाते होते. पण ते टॅमनी हॉल या राजकीय यंत्रणेच्या मुठीत होते. झाडूवाल्याची नोकरी म्हणजे मते मिळवून दिल्याचे बक्षीस. १८९४ च्या निवडणुकीत टॅमनीचा पराभव झाला आणि विल्यम स्ट्राँग हे सुधारणावादी महापौर आले. सफाई खात्याची धुरा त्यांनी आधी थिओडोर रूझवेल्ट यांना देऊ केली होती. रूझवेल्ट यांनी नकार दिला आणि पुढे पोलीस खाते स्वीकारले. (अमेरिकेच्या एका भावी अध्यक्षाचा मार्ग झाडूवरून गेला असता, तो असा चुकला!) मग १८९५ च्या जानेवारीत नेमणूक झाली ती कर्नल जॉर्ज वेअरिंग यांची. यादवी युद्धात लढलेला, सेंट्रल पार्कच्या जमिनीतील पाण्याचा निचरा आखणारा, मेम्फिस शहराला गटारव्यवस्था देणारा हा अभियंता होता.

वेअरिंग यांनी सफाई कामगारांना पांढरे गणवेश दिले. लोक आधी हसले, मग त्यांनाच कौतुकाने ‘व्हाइट विंग्ज’, म्हणजे पांढरे पंख, म्हणू लागले. १८९६ मध्ये हे कामगार फिफ्थ अॅव्हेन्यूवरून लष्करी शिस्तीत संचलन करीत गेले. त्याच सुमारास घरातला कचरा तीन भागांत वेगळा ठेवण्याचा नियम आला: राख, खरकटे आणि कोरडा केर. ओला-सुका कचरा ही आपल्याला हल्लीची कल्पना वाटते, तिला सव्वाशे वर्षे होऊन गेली आहेत.

नियम झाला, पण तो पोहोचवायचा कसा? या वस्तीत पूर्व युरोपातून आलेली यिडिश बोलणारी ज्यू कुटुंबे होती, दक्षिण इटलीतून आलेले शेतमजूर होते. अनेकांना इंग्रजी कळत नसे आणि सरकारी गणवेशाची तर मायदेशापासूनच धास्ती होती. मुले मात्र सरकारी शाळेत जात, इंग्रजी वाचत आणि संध्याकाळी घरी परतत. दोन जगांमधला हा एकमेव पूल वेअरिंग यांनी अचूक हेरला. शाळांमधून आणि वस्तीत काम करणाऱ्या सेवाकेंद्रांमधून मुलांचे सफाई संघ, ‘ज्युव्हेनाइल स्ट्रीट क्लीनिंग लीग’, स्थापन झाले. त्यांच्या कामाचा वृत्तान्त डेव्हिड विलर्ड यांनी लिहिला आणि वेअरिंग यांनी तो आपल्या ग्रंथात छापला.

मुले सभासद होत, प्रतिज्ञा घेत, छातीवर बिल्ला लावत. नियमित सभा होत, सफाईची गाणी म्हटली जात. रस्त्यावरचे कागद आणि साली मुले स्वतः उचलत. पण त्यांचे खरे काम इतरांना टोकण्याचे होते. कोणी केळ्याची साल पदपथावर फेकली, जुनी गादी रस्त्यात आणून टाकली, राखेच्या डब्यात खरकटे मिसळले, की मुलाने जवळ जाऊन नम्रपणे नियम सांगायचा आणि मग कोठे काय पाहिले, आपण काय बोललो, समोरच्याने ऐकले की नाही, याचा अहवाल लिहून द्यायचा. मोडक्यातोडक्या इंग्रजीतील हे अहवाल आज वाचताना मौज वाटते. मोठ्या माणसाने आपले ऐकले, याचा त्या मुलांना झालेला आनंद ओळीओळीतून डोकावतो.

मात्र मौजेपाशी थांबून चालणार नाही. ज्यांच्याविषयी अहवाल जात ती माणसे कोण होती? शेजारचा फेरीवाला, वरच्या मजल्यावरची बाई, कधी स्वतःच्याच घरातले कोणी. एका खोलीत सहा-सात माणसे राहणाऱ्या चाळवजा इमारतींत तीन वेगळे डबे ठेवायला जागा कोठून येणार? घाणीला अनेक वर्षे जबाबदार होती ती लाचखोर यंत्रणा आणि भाड्यापलीकडे काही न पाहणारे घरमालक. टोकले गेले मात्र भाडेकरू, तेही त्यांच्याच मुलांकडून. वेअरिंग यांचा हेतू निर्मळ होता, यात शंका नाही. पण मुलांना नागरिक बनवताना त्यांना खात्याचे डोळेही बनवले गेले, हेही तितकेच खरे.

तरीही मुले बिल्ल्यासाठी धडपडत होती. ज्यांना एरवी पोलीस रस्त्यावरून हुसकावत, त्यांना प्रथमच त्या रस्त्यावर काही अधिकार मिळाला होता.

हा अधिकार फार काळ टिकला नाही. १८९७ च्या निवडणुकीत टॅमनी हॉल परतला आणि १८९८ उजाडताच वेअरिंग पायउतार झाले. संघांचा पाठीराखाच गेला. त्याच वर्षी क्यूबातील हवाना शहराच्या स्वच्छतेची पाहणी करण्यास सरकारने वेअरिंग यांना पाठवले. तेथून ते पीतज्वर घेऊन परतले आणि २९ ऑक्टोबर १८९८ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारले. रोग घाणीतून आणि दूषित हवेतून येतात, अशी त्यांची जन्मभराची श्रद्धा होती. पीतज्वर डासांमुळे पसरतो, हे वॉल्टर रीड यांच्या पथकाने त्यानंतर दोनच वर्षांनी सिद्ध केले.

लोअर ईस्ट साइडच्या सिवर्ड पार्कमधील सार्वजनिक क्रीडांगण खुले झाले ते १९०३ मध्ये. १८९६ मध्ये दहाव्या वर्षी बिल्ला लावणारी मुले त्या वेळी सतरा वर्षांची झाली होती.