माशीची ओळख : टाचणी ते छायाचित्र

माशीला पंखांची एकच जोडी असते. मागच्या जोडीच्या जागी मुगदरासारखे दोन बारीक अवयव असतात आणि उडताना ते तोल सांभाळतात. मधमाशीला चार पंख असतात, त्यामुळे ती माश्यांच्या गणात येत नाही. नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यात पावसाळा सरताना खुरासणी फुलते. अशा फुलांवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची फुलमाशी बसली, तर पाहणारा तिला हमखास मधमाशी समजतो. पंख मोजले की हा घोटाळा मिटतो. त्यापुढची ओळख मात्र सोपी नाही, कारण जगात माश्यांच्या दीड लाखाहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत.

हे पेठ पूर्वी संस्थान होते; ते 1878 मध्ये खालसा झाले. त्या काळी भारतातील कीटकांना नावे देण्याचे काम प्रामुख्याने कलकत्त्यात आणि युरोपात चाले. भाताच्या पोंग्याची नळी करणाऱ्या गादमाशीचे शास्त्रीय वर्णन 1889 मध्ये जेम्स वुड-मेसन यांनी केले. ते कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये होते. पुढे ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत 1912, 1920 आणि 1923 मध्ये एन्रिको ब्रुनेटी यांचे माश्यांवरील तीन खंड आले. ब्रुनेटी पेशाने संगीतकार होते. त्या पिढीतले बरेच मोठे काम अशा हौशी माणसांनी केले आहे, हे विसरता येत नाही. सगळ्यांची पद्धत एकच होती. माशी टाचणीला लावायची, खाली ठिकाण आणि तारखेची चिठ्ठी अडकवायची आणि भिंगाखाली पंखांच्या शिरा, पाठीवरचे राठ केस, मिशांची पेरे तपासायची. शंका आली तर नमुना बोटीने परदेशी जाणकाराकडे जाई. भारतातील फळमाश्यांवर इटलीच्या मारिओ बेझी यांनी 1916 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास अशाच नमुन्यांवर उभा होता.

फळमाशीच्या इतिहासात बिहारमधील पुसा येथील संशोधन संस्थेचे स्थान मोठे आहे. तेथील फ्रँक हॉवलेट यांनी 1912 मध्ये सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्यांचे नर खेचले जातात, असे नोंदवले. 1915 मध्ये मिथाईल युजेनॉल हे त्यामागचे एक रसायन असल्याचे त्यांनी दाखवले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक सापळा’ याच गंधावर चालतो. पेठच्या डोंगरउतारावर नागली, वरई आणि भाताच्या जोडीला केशर आंब्याच्या वाड्या उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यासोबत फळमाशीचा प्रश्नही आला. मादी पिकत आलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळ्या गर पोखरतात आणि कोषासाठी जमिनीत उतरतात. वरून धड दिसणारे फळ आतून सडलेले निघते. फळमाशीच्या भीतीनेच जपानने 1986 ते 2006 अशी वीस वर्षे भारतीय आंबा अडवून धरला. 2007 मध्ये अमेरिकेला पाठवलेल्या आंब्यावर नाशिक जिल्ह्यातल्याच लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात किरणांचा मारा झाला. त्याची मात्रा बहुतेक सर्व कीटकांना पुरेल अशी ठरवलेली असल्याने तिथे माशीची जात कोणती, हे पाहावेच लागत नाही.

वाडीत मात्र ते पाहावे लागते, आणि आता ते फोनवरच्या छायाचित्रावरून पाहिले जाते. फळमाशीच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी जमते. बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस या जातीच्या पोटावर काळी ‘टी’सारखी खूण असते आणि पंखाच्या पुढच्या कडेने सलग गडद रेघ जाते. तिच्याच वंशातली झोनाटा ही जात तांबूस असते. तिची रेघ मध्ये तुटते आणि पंखाच्या टोकाशी ठिपका उरतो. करेक्टा या तिसऱ्या जातीचा पंखही तसाच. फरक चेहऱ्यावर असतो : झोनाटाचे दोन काळे ठिपके सुटे राहतात, करेक्टाचे जोडले जाऊन आडवी रेघ बनते. म्हणजे केवळ वरून काढलेले छायाचित्र कितीही स्वच्छ असले, तरी या दोघींमध्ये खात्रीचा निवाडा देऊ शकत नाही. शिवाय गंध छायाचित्रात येत नाही. काकडीवर्गीय वेलींवरची फळमाशी मिथाईल युजेनॉलला नव्हे, क्यू-ल्यूर या दुसऱ्या गंधाला येते. त्यामुळे माशी कोणत्या सापळ्यात सापडली, ही माहितीही ओळखीचाच भाग ठरते.

छायाचित्राची मजल किती, हा वाद जगभर आहे. 2015 मध्ये स्टीफन मार्शल आणि नील इव्हनह्यूस यांनी दक्षिण आफ्रिकेतील एका माशीचे नवी जात म्हणून वर्णन केवळ छायाचित्रांवरून प्रसिद्ध केले. नमुना हाती नव्हताच. पुढच्याच वर्षी शेकडो वर्गीकरणतज्ज्ञांनी या प्रथेला जाहीर विरोध केला. त्यांची बाजू अधिक भक्कम आहे. निळ्या-हिरव्या चकाकीची माशी आणि घरमाशी ज्या कुळांत मोडतात, त्यांतला एक महत्त्वाचा भेद छातीच्या बाजूवरच्या राठ केसांच्या ओळीवर ठरतो. ती ओळ फोनच्या चित्रात बहुधा उमटतच नाही, आणि जे टिपलेच नाही ते नंतर तपासता येत नाही.

म्हणून अनोळखी माशी दिसल्यास तिची वरून, बाजूने आणि समोरून छायाचित्रे घ्यावीत. पंखांच्या शिरा दिसतील असे एक तरी चित्र असावे. गाव, तारीख, पीक आणि सापळ्यातला गंध लिहून ठेवावा. एखादी मेलेली माशी कोरड्या डबीत जपून चित्रासोबत जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावी.