रॅशनलाइझ: आधी निर्णय, मग कारणं!

आजचा भाग एका इंग्रजी क्रियापदाबद्दल आहे. रॅशनलाइझ. 'उगाच रॅशनलाइझ करू नकोस' असं आपण मित्राला सहज ऐकवतो. पण जस्टिफाय करणं आणि रॅशनलाइझ करणं यात फरक काय?

एका माशापासून सुरुवात करू. साल १७२३. सतरा वर्षांचा बेंजामिन फ्रँकलिन बॉस्टनहून जहाजाने निघालाय. पोरगा तेव्हा पक्का शाकाहारी. मासे मारणं म्हणजे खून, असं मानणारा. वाटेत वारा पडला, जहाज थांबलं आणि खलाशांनी कॉड मासे पकडले. तव्यावरून वास सुटला. पूर्वी मासे तर याच्या भारी आवडीचे! तेवढ्यात त्याला आठवलं, की मासा कापताना त्याच्या पोटातून छोटे मासे निघाले होते. तुम्ही एकमेकांना खाता, मग आम्ही तुम्हाला का खाऊ नये? झालं, साहेब पोटभर जेवले. हा किस्सा त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहिलाय, स्वतःची टर उडवत.

आता बघा, युक्तिवाद चुकीचा होता का? तो मुद्दाच नाही. निर्णय वासाने घेतला, कारण नंतर आलं. मुद्दा हा आहे.

रॅशनलाइझ हा शब्द लॅटिन 'रेशिओ'वरून आला. रेशिओ म्हणजे हिशेब, तर्क. म्हणजे मूळ अर्थ चांगलाच होता: तर्काला धरून मांडणी करणं. १९०८ मध्ये अर्नेस्ट जोन्स या फ्रॉइडच्या सहकाऱ्याने साल्झबर्गच्या परिषदेत एक निबंध वाचला आणि शब्दाला नवं वळण मिळालं. आपल्या वागण्याचं खरं कारण आपल्यालाच ठाऊक नसतं, तेव्हा मन एक शोभेसं कारण तयार करतं. त्याला जोन्स रॅशनलायझेशन म्हणाला. जस्टिफाय करणारा दुसऱ्याला पटवतो. रॅशनलाइझ करणारा आधी स्वतःला फसवतो.

पण जुना अर्थ मेला नव्हता. तो थेट आपल्या गिरणगावात पोचला! १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणीमालकांनी 'रॅशनलायझेशन'च्या योजना आणल्या. म्हणजे कामाची तर्कशुद्ध फेरमांडणी. बाजारात मंदी होती, जपानी कापडाची स्पर्धा होती, हे खरंच. पण खात्यात उभ्या असलेल्या विणकराला या शब्दाचा अर्थ सरळ कळला: दोन साच्यांऐवजी तीन साचे सांभाळायचे आणि शेजारच्याने घरी बसायचं. १९२८ मध्ये सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. एप्रिल ते ऑक्टोबर, जवळपास सहा महिने. त्याच संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली.

मानसशास्त्रातला अर्थ वेगळा, गिरणीतला वेगळा. तरी दोन्हीकडे एकच प्रश्न विचारता येतो: हा तर्क कोणाच्या सोयीचा?

आपल्याकडे नाचता येत नसलं की अंगण वाकडं असतं, आणि कोल्ह्याला द्राक्षं आंबट लागतात. शब्द इंग्रजी असेल, खोड आपलीही आहे. म्हणून पुढच्या वेळी एखादं कारण फारच पटलं, तर स्वतःला एवढंच विचारा: हेच कारण माझ्या सोयीविरुद्ध गेलं असतं, तरी मला पटलं असतं का?

भेटू पुढच्या भागात!