अस्तर

बहिणीला साखर आहे, म्हणून तिच्यासोबत मिरजेला गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, "ताई, साखरेनं आधी बारीक शिरांचं अस्तर खराब होतं." मला साताऱ्याचे आमचे शिंपीकाका आठवले. कोट उलटा करून ते म्हणायचे, "कापड काय बघता, अस्तर बघा."

शिंप्यांच्या तोंडचा हा शब्द फारसीतला. संस्कृतात 'स्तृ' म्हणजे पसरणे. त्यातलं 'आस्तरण' झिजत झिजत आपलं 'अंथरूण' झालं. अस्तर त्याचंच चुलत भावंड. शिरांच्या अस्तराला परिभाषेत दिलेला 'अंतःस्तर' हा शब्दही त्याच घरचा. त्यासाठीचा इंग्रजी शब्द 'एन्डोथेलियम' मात्र १८६५ साली विल्हेल्म हिस यांनी घडवला आणि त्यातल्या ग्रीक 'थेले'चा अर्थ आहे स्तनाग्र! 'एपिथेलियम' हा जुना शब्द मुळात ओठांवरच्या स्तनाग्रासारख्या बारीक उंचवट्यांच्या नाजूक आवरणासाठी होता. हिसनी त्याची शेपटी उचलली, इतकंच.

एका पेशीच्या जाडीचं हे अस्तर नुसतं पडून नसतं. सशाच्या महाधमनीतून ते खरवडलं, तर ॲसिटिलकोलीन हे रसायन देऊनही ती सैलावत नाही, हे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवलं. १९९८ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

बहीण आता फोनवर सांगते, "अस्तर ठीक आहे रे, शिवण तेवढी उसवलीय." कोशात 'अंतःस्तर' खुशाल राहू द्या, दवाखान्यात शिंप्याचाच शब्द चालावा.