खलनायकाचा भूतकाळ

अमेरिकन चित्रकथेत १९५९ साली ‘मिस्टर झीरो’ या नावाने अवतरलेला हिमशस्त्रधारी खलनायक केवळ एका क्लृप्तीचा धनी होता. १९९२ साली प्रसारित झालेल्या ‘बॅटमॅन’ व्यंगचित्रमालिकेतील ‘हार्ट ऑफ आइस’ या भागात पॉल डिनी यांनी त्याला भूतकाळ दिला. आजारी पत्नीला वाचवू पाहणाऱ्या शास्त्रज्ञाचा प्रयोग एक उद्योगपती निर्दयपणे बंद पाडतो. त्यातून हा सूडकरी जन्मतो. सूड, झुंज आणि बंदिवास हे बालकथेचे ठरीव साचे येथेही आहेत. परंतु नायक खलनायकाला पकडतो, तसाच उद्योगपतीच्या अपराधाचा पुरावाही वार्ताहराच्या हाती देतो. अखेरीस कोठडीत पत्नीची क्षमा मागणारा पराभूत दिसतो. दुष्टाला शिक्षा होते. विजयाचा आनंद मात्र बालप्रेक्षकाला निर्भेळ लाभत नाही.